वजनाच्या औषधाची चिठ्ठी : काउंटरच्या अलीकडून

"मॅडम, ते मौंजारो मिळेल का? किती दिवसांत उतरतं वजन?"

दुपारी दोन-अडीचला दुकानात जरा शुकशुकाट असतो, तेव्हा हा प्रश्न येतो. विचारणारा आधी शेजारी ओळखीचं कुणी नाही ना ते बघतो, मग मोबाइल काचेवर टेकवतो. चिठ्ठी मागितली की चेहरा पडतो. चिठ्ठी नसतेच. मेव्हण्याच्या ऑफिसातल्या कुणाचं तरी चौदा किलो उतरलेलं असतं, तेवढ्या भांडवलावर माणूस आलेला असतो.

मी साताऱ्यात औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. रोग ओळखणं, औषध ठरवणं हे डॉक्टरांचं काम. त्यात मी पडत नाही. पण चिठ्ठी लिहून झाल्यावर ती घरी नेऊन पाळायची असते, आणि घोळ होतो तो तिथे. तो मला रोज दिसतो. किती किलो उतरेल हे सगळे विचारतात. किती वर्षं घ्यायचं, आणि त्या काळात माझ्यावर लक्ष कोण ठेवणार, हे जवळजवळ कुणीच विचारत नाही. खरं तर सुरुवात तिथून व्हायला हवी.

आधी टेप, मग काटा

बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, घरी काढता येतो. उंची मीटरमध्ये घ्या, तिला तिनेच गुणा, आणि त्या आकड्याने वजनाला भागा. समजा एका ताईंची उंची १६० सेंमी आणि वजन ७८ किलो. १.६ गुणिले १.६ म्हणजे २.५६. ७८ भागिले २.५६ म्हणजे साधारण ३०.५.

आता या आकड्याचं काय करायचं? मौंजारो (मूळ नाव टिर्झेपटाइड) आणि वेगोवी (मूळ नाव सेमाग्लुटाइड) ही दोन्ही इंजेक्शनं वजनासाठी मंजूर झाली ती बीएमआय ३० किंवा त्याच्या वर असलेल्यांसाठी. किंवा २७ च्या वर असून सोबत वजनाशी जोडलेला एखादा आजार असेल तर. म्हणजे रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, झोपेत श्वास अडकणं, असं काही. वरच्या ताई पात्र ठरतात. त्याच उंचीची, ६४ किलोची आणि बाकी सगळं ठीक असलेली मुलगी "लग्नाच्या आधी पाच किलो" म्हणून आली, तर ती पात्र नाही.

इथे एक गुंता आहे. भारतीयांसाठी डॉक्टर जो वेगळा मापदंड वापरतात त्यात २३ च्या वर वजन जास्त आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. मग औषधाला २७ आणि ३० कशाला? कारण ते आकडे औषधाच्या चाचण्यांतून आलेत, आपल्या शरीराच्या ठेवणीतून नाही. आपली ठेवण निराळी आहे हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी फार मजेशीर पद्धतीने दाखवलं. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी स्वतःचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा फोटो शेजारीशेजारी छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! बारीक दिसणारा आपला माणूस आतून बारीक असतोच असं नाही.

म्हणून टेप. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता कमरेचा घेर मोजा. पुरुषांत ९० सेंमी आणि बायकांत ८० सेंमीच्या वर गेलं की लक्ष द्यायचं. पॅंटचा नंबर सांगू नका. पुरुष पोटाच्या खाली पॅंट बांधतात आणि वीस वर्षं नंबर बदलला नाही म्हणून खूश असतात.

डॉक्टरांकडे जाताना घरातली गोळ्यांची पिशवी घेऊन जा

नुसती यादी नको, पिशवीच न्या. यादीतून हमखास सुटतं ते थायरॉइडची गोळी ("ती काय, रोजचीच आहे"), गर्भनिरोधक गोळी, आणि वैद्यांनी दिलेलं चूर्ण. काही औषधांनीच वजन वाढतं: स्टेरॉइड, मानसिक आजारांवरच्या काही गोळ्या, इन्शुलिन. वाढीचं मूळ तिथे असेल तर डॉक्टर आधी तिकडे बघतील. रक्ताच्या तपासण्या होतील: तीन महिन्यांची सरासरी साखर, थायरॉइड, यकृत, मूत्रपिंड, चरबी. मधुमेह असेल तर डोळ्यांचा पडदाही तपासून घ्यायला सांगतील. साखर फार झपाट्याने खाली आली की पडद्याचा जुना त्रास उचल खाऊ शकतो, म्हणून.

काही गोष्टी डॉक्टरांनी विचारल्या नाहीत तरी आपण होऊन सांगायच्या. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग झाला असेल तर. ही इंजेक्शनं अशा घरांत देत नाहीत, कारण उंदरांवरच्या प्रयोगात थायरॉइडच्या गाठी दिसल्या होत्या. स्वादुपिंडाला कधी सूज आली असेल तर. पित्ताशयात खडे असतील तर. आणि मूल हवं असेल तर. सेमाग्लुटाइड गर्भधारणेच्या निदान दोन महिने आधी बंद करावं लागतं. टिर्झेपटाइडमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून सुरुवातीला आणि प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे दुसरं साधन वापरायला सांगतात. सासूबाई सोबत असल्या की हा विषय तपासणीच्या खोलीत निघतच नाही. तेव्हा दोन मिनिटं एकटीने बोलायचं आहे असं डॉक्टरांना सरळ सांगा.

औषधं कोणती

ऑर्लिस्टॅटची कॅप्सूल जुनी आणि साधी आहे. ती भुकेला हात लावत नाही, आतड्यात चरबी पचवणाऱ्या रसाला अडवते. खाल्लेल्या चरबीतली साधारण तीस टक्के न पचता बाहेर पडते. १२० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, जेवताना किंवा जेवणानंतर तासाभरात. जेवण बिनतेलाचं असेल तर तो डोस गाळायचा. बाहेर पडते म्हणजे शब्दशः. तर्रीदार मिसळ खाऊन ही कॅप्सूल घेतलीत तर पांढरी पॅंट घालू नका. तेलात विरघळणारी ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वंही सोबत जातात, म्हणून डॉक्टर रात्री झोपताना मल्टिव्हिटॅमिन देतात. थायरॉइडची गोळी आणि ऑर्लिस्टॅट यांत चार तासांचं अंतर हवं. बारा आठवड्यांत वजनाच्या पाच टक्केही उतरले नाहीत तर पुढे चालवायचं का, हे डॉक्टरांशी बोलायचं.

सगळा गाजावाजा आहे तो इंजेक्शनांचा. जेवण आतड्यात पोचलं की तिथून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सुटतं. ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला सांगतं, जठर रिकामं व्हायचा वेग कमी करतं आणि मेंदूला कळवतं की पुरे. शरीरातलं हे संप्रेरक दोन-चार मिनिटांत मोडतं. सेमाग्लुटाइड ही त्याचीच टिकाऊ नक्कल, म्हणून आठवड्याला एक टोचणी पुरते. लिराग्लुटाइड थोडं आधीचं, ते रोज टोचावं लागतं. टिर्झेपटाइड जीएलपी-१ सोबत जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचीही नक्कल करतं. या घराण्यातलं पहिलं औषध, एक्झेनाटाइड, २००५ साली आलं, आणि त्याचा धागा अमेरिकेच्या वाळवंटातल्या गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेत सापडला होता. हे ऐकून आमच्या एका काकूंनी "मग हे शाकाहारी आहे का?" असं विचारलं होतं. औषधात सरडा नसतो, ते कारखान्यात बनतं.

घेणारे लोक परिणाम सांगतात तो असा: डोक्यातली खाण्याची भुणभुण थांबते. फ्रीजमध्ये बर्फी आहे हे माहीत असतं, पण ती हाक मारत नाही.

सेमाग्लुटाइडची गोळीही आहे. रायबेल्सस नावाने ती भारतात २०२२ पासून मिळते, पण मधुमेहासाठी. तिची शिस्त कडक आहे. सकाळी रिकाम्या पोटी, अर्धा कप पाण्याबरोबर, आणि पुढे अर्धा तास काही नाही. चहासुद्धा नाही. ही अट मोडणारे निम्मे लोक चहापाशीच मोडतात.

आणि जी औषधं आता नाहीत, तीही माहीत असलेली बरी. रिमोनाबंटने नैराश्य येत होतं, भारतात त्यावर २००९ मध्ये बंदी आली. सिब्युट्रामिनने हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढत होता, ते २०११ मध्ये गेलं. गेलं म्हणायचं एवढंच; 'शंभर टक्के हर्बल' लिहिलेल्या स्लिमिंग कॅप्सूलमध्ये चोरून घातलेलं सिब्युट्रामिन जगभरात पुनःपुन्हा सापडलंय. एखाद्या वनौषधीने आठवड्यात भूक मेली, छाती धडधडायला लागली आणि झोप उडाली, तर ती वनौषधी नाही असं समजून बंद करा आणि डबी घेऊन डॉक्टरांकडे जा.

आकडे कसे वाचायचे

२०२१ च्या मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाइड २.४ मिलिग्रॅम घेणाऱ्यांचं वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के उतरलं. नुसतं बिनऔषधी इंजेक्शन घेणाऱ्यांचं २.४ टक्के. टिर्झेपटाइडच्या २०२२ च्या चाचणीत ७२ आठवड्यांत ५ मिलिग्रॅमवर १५ टक्के आणि १५ मिलिग्रॅमवर २०.९ टक्के. पुढे २०२५ मध्ये दोन्ही औषधं समोरासमोर लावली तेव्हा टिर्झेपटाइड २०.२ आणि सेमाग्लुटाइड १३.७ असा निकाल लागला.

यातला 'सरासरी' हा शब्द आणि 'आठवडे' हा आकडा, दोन्ही अधोरेखित करा. आपल्या ७८ किलोच्या ताईंचे पंधरा टक्के म्हणजे पावणेबारा किलो, आणि तेही सव्वा वर्षाहून जास्त काळात. कुणाचं जास्त उतरतं, कुणाचं जेमतेम चार-पाच टक्के. शिवाय चाचणीतल्या सगळ्यांना खाण्याचा आणि चालण्याचा सल्ला सतत मिळत होता. तो आपल्याला कोण देणार, हे ठरवून ठेवा.

किलोंपेक्षा मला महत्त्वाचा वाटणारा आकडा वेगळा आहे. हृदयविकार असलेल्या पण मधुमेह नसलेल्या १७,६०४ लोकांत सेमाग्लुटाइडने हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयामुळे येणारा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी कमी झालं, असं २०२३ मध्ये जाहीर झालं. ज्यांच्या घरी अँजिओप्लास्टी झालेला माणूस आहे त्यांनी डॉक्टरांशी बोलताना हे काढावं.

चिठ्ठी वाचा. खरंच, अक्षर लावून वाचा

चिठ्ठीवर चार गोष्टी शोधा: औषधाचं मूळ नाव, मिलिग्रॅम, आठवड्यातला वार, आणि पुढची भेट. चौथी नसेल तर मागून घ्या.

मूळ नाव का? मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातली मुदत संपली आणि भारतीय कंपन्यांना दार उघडलं. आता एकाच औषधाला अनेक नावं. एकाने पुण्यात एका नावाने लिहिलं, दुसऱ्याने कराडला दुसऱ्या नावाने, आणि पेशंटने दोन्ही सुरू केली, असं होऊ शकतं. खोक्यावर मोठ्या अक्षरातल्या नावाच्या खाली बारीक अक्षरात मूळ नाव असतं. ते वाचा.

डोस जिन्यासारखा चढतो. वेगोवीचा जिना ०.२५, ०.५, १, १.७ आणि २.४ मिलिग्रॅम, मौंजारोचा २.५ पासून अडीच-अडीचने १५ पर्यंत. प्रत्येक पायरीवर निदान चार आठवडे. पहिली पायरी वजन उतरवण्यासाठी नसतेच, पोटाला सवय लागावी म्हणून असते. "महिना झाला, काहीच फरक नाही" असं म्हणत कुणी दोन पायऱ्या एकदम चढला, की पुढचे चार दिवस तो बाथरूममध्ये काढतो. आणि वरपर्यंत चढायलाच हवं असंही नाही. मधल्या पायरीवर काम होत असेल तर डॉक्टर तिथेच थांबवतात.

वार पक्का करा. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्या वाराला पेनाने गोल करा आणि टोचून झालं की त्यावर फुली मारा. हे मोबाइलच्या गजरापेक्षा चांगलं चालतं, कारण घरातल्या सगळ्यांना दिसतं. डोस चुकला तर? वेगोवीत पुढच्या डोसला दोन दिवसांहून जास्त अवधी असेल तर आठवण येताच घ्या, नसेल तर तो सोडून द्या. मौंजारोत चुकल्यापासून चार दिवसांच्या आत घेता येतो. दोनदा लागोपाठ चुकला तर मनाने सुरू करू नका, फोन करा; कदाचित खालच्या पायरीवरून पुन्हा चढावं लागेल. दुप्पट डोस कधीही नाही.

आता सिरिंज. इथे जरा थांबते, कारण माझ्या डोळ्यांसमोर एक चूक होता होता राहिली आहे.

औषध पेनच्या आकाराच्या तयार इंजेक्शनात मिळत असेल, तर त्या पेनवर डोसाची खिडकी असते, त्यात चुकायला फारसा वाव नाही. व्हायल म्हणजे बाटली असेल तर मात्र औषध इन्शुलिनच्या सिरिंजने ओढावं लागतं. आपल्याकडे इन्शुलिन सिरिंज दोन जातींच्या मिळतात. लाल टोपणाची ४० ची आणि नारिंगी टोपणाची १०० ची, म्हणजे एका मिलीला तेवढी युनिटं. दिसायला बहिणी-बहिणी, पण रेघा वेगळ्या. १०० च्या सिरिंजवर २० रेघ म्हणजे ०.२ मिली. ४० च्या सिरिंजवर तीच २० रेघ म्हणजे ०.५ मिली. अडीच पट!

त्या दिवशी एक दादा बायकोसाठी सिरिंज न्यायला आले होते. "वीसपर्यंत भरायचं सांगितलंय," म्हणाले, आणि सवयीने लाल टोपणाचं पाकीट उचललं, कारण घरी आईला इन्शुलिन त्याच सिरिंजने देत होते. मी चिठ्ठी मागितली. चिठ्ठीवर डॉक्टरांनी मिलीचा आकडा लिहिला होता: ०.२. पाकीट बदललं, कागदावर रेघ काढून दाखवली, ते गेले. माझे हात मात्र थोडा वेळ थंडच होते.

तेव्हा रेघांवर भरवसा ठेवू नका. "किती मिलिग्रॅम, म्हणजे किती मिली, आणि ते कुठल्या टोपणाच्या सिरिंजवर कुठपर्यंत" हे तिन्ही लिहून घ्या. मौंजारोच्या एका डोसाच्या व्हायलमध्ये अर्धा मिली औषध असतं, म्हणजे नारिंगी टोपणावर ५० रेघ. इतर कंपन्यांच्या बाटल्यांत पाण्याचं प्रमाण वेगळं असू शकतं. एका बाटलीचा हिशेब दुसरीला लावू नका.

टोचणं आणि ठेवणं

टोचायला लोक घाबरतात, पण हा सगळ्यात सोपा भाग. जागा तीन: पोट, बेंबीपासून दोन इंच सोडून, मांडीचा पुढचा भाग, आणि दंडाची मागची बाजू, ती दुसऱ्याने टोचायची. दर आठवड्याला जागा थोडी हलवा. पेन असेल तर दर वेळी नवी सुई, आणि एकाचं पेन दुसऱ्याने वापरायचं नाही, नवरा-बायकोनेही नाही. सुई बदलली तरी नाही.

वापरायच्या आधी औषध फ्रीजमध्ये, २ ते ८ अंशांत. फ्रीजच्या दारात नको, दार दिवसातून पन्नासदा उघडतं. मागच्या भिंतीला चिकटून नको, तिथे बर्फ धरतो. मधल्या कप्प्यात, डब्यात घालून. एकदा गोठलं की संपलं. वितळल्यावर ते जसंच्या तसं दिसेल, पण वापरायचं नाही. उघडल्यावर बाहेर किती दिवस चालतं ते औषधागणिक वेगळं, पत्रकात असतं, पण बहुतेक ठिकाणी अट ३० अंशांच्या आतली आहे. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला घरातही ३० अंश कुठून आणायचे? तिकडे ते फ्रीजमध्येच ठेवा. एसटीने जाताना जेल पॅकच्या पिशवीत, पण औषध आणि पॅक यांच्यामध्ये रुमालाची घडी हवी. अमेरिकेतून भाऊ पेन आणणार असेल तर त्याला सांगा, हातातल्या बॅगेत ठेव. विमानाच्या पोटात ते गोठू शकतं.

मी स्वतः एकदा शेजारच्या वहिनींचं कुरियरने मागवलेलं पार्सल उघडून पाहिलं होतं. जेल पॅक कोमट, खोक्याला घाम, बिलाचा पत्ता नाही. परत पाठवायला लावलं. पैसे यायला दीड महिना लागला आणि वहिनी तोवर माझ्यावरच रागावून होत्या.

वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत भरा, झाकण घट्ट लावा आणि दवाखान्यात द्या. घंटागाडीत सुट्या टाकू नका. कचरा हाताने वेगळा करणारी बाई असते तिथे.

ताट बदलतं

पहिल्या महिन्यांत मळमळ, करपट ढेकर, बद्धकोष्ठ किंवा जुलाब होणं नेहमीचं आहे. जठर हळू रिकामं होतंय, आणि आपण वर जुन्या अंदाजाने वाढून घेतो, हे मुख्य कारण. आपल्याला लहानपणापासून पानात टाकायचं नाही असं शिकवलंय. या औषधावर ते अंगाशी येतं. तेव्हा टाकू नका, पण कमीच वाढून घ्या. छोटी ताटली वापरा. पोट भरल्याची पहिली चाहूल लागली की थांबा, शेवटचा घास भातात कालवलेला असला तरी. वडे, भजी, तर्री पहिले काही आठवडे दूर. मळमळीला सगळ्यात जास्त खतपाणी त्यांचंच. इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी कुणाच्या बारशाचं जेवण ठरवू नका.

भूक मेली की लोक काय सोडतात? आमटी, उसळ, अंडं. आणि काय ठेवतात? चहा-बिस्किट. हे उलटं हवं. वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि साठीच्या पुढच्या माणसाला ते परवडत नाही. पानावर आधी प्रथिनं घ्या: मटकीची उसळ, घट्ट वरण, पनीर, दही, अंडी, बांगडा, कोंबडी, जे घरात चालतं ते. पोळी-भात त्यानंतर जागा उरली तर. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं किती ते डॉक्टरच सांगतील. सोबत आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याचा व्यायाम. जिम नको असेल तर खुर्चीवरून हात न टेकता उठाबशा आणि पाण्याने भरलेल्या बाटल्या. नुसत्या चालण्याने स्नायू राखले जात नाहीत.

उपवासाचा प्रश्न हमखास येतो. एकादशीला साबुदाण्याची खिचडी म्हणजे पिष्ट आणि तूप, प्रथिनं नावाला. निर्जळी उपवास या औषधावर करू नका. आधीच पाणी कमी जातं, त्यात उलटी झाली तर मूत्रपिंडावर ताण येतो. दिवसातून दोनदाच जेवायचं की दर दोन तासांनी थोडं, हा वाद मराठी घरांत बरीच वर्षं चालू आहे. तुम्ही त्यातल्या ज्या बाजूचे असाल ती डॉक्टरांना सांगून ठेवा. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर तर ते फारच महत्त्वाचं आहे, कारण खाणं घटलं आणि त्यांचा डोस तोच राहिला तर साखर एकदम खाली जाते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली की आधी साखरेचं पाणी, मग फोन.

इथे वाट बघायची नाही

पोटात असह्य आणि न थांबणारं दुखणं, विशेषतः पाठीकडे जाणारं, उलटीसकट: स्वादुपिंड असू शकतं. उजव्या बरगडीखाली कळ, ताप, डोळे पिवळे: पित्ताशय. वजन वेगाने उतरताना पित्ताचे खडे होतात, हे खूप जणांना माहीत नसतं. पाणीही पोटात ठरत नाही, लघवी कमी आणि गडद. अचानक एका डोळ्याने दिसेनासं होणं. यातलं काहीही झालं तर पुढचा डोस न घेता त्याच दिवशी दवाखाना. अँटासिड मागायला माझ्याकडे येऊ नका.

आणि कुठलीही भूल घ्यायची असेल, अगदी एंडोस्कोपी किंवा मोतीबिंदूची असली तरी, आठवड्याचं हे इंजेक्शन चालू आहे असं आधी सांगा. रात्रभर उपाशी राहूनही जठरात अन्न उरलेलं असू शकतं, आणि भुलीत ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

पैसे, आणि स्वस्ताचा मोह

मौंजारो मार्च २०२५ मध्ये भारतात आलं तेव्हा २.५ मिलिग्रॅमची एक व्हायल ३,५०० रुपये आणि ५ ची ४,३७५ रुपये होती. म्हणजे आठवड्याला एवढे. जूनमध्ये आलेली वेगोवी सुरुवातीला महिन्याला १७,३४५ पासून पुढे होती. किमती त्यानंतर हलल्या आणि अजून हलतील. हिशेब मात्र पहिल्या पायरीच्या किमतीवर करू नका, पाचव्या पायरीच्या किमतीवर करा आणि दोन वर्षांचा करा. तो झेपत नसेल तर डॉक्टरांना तसं सांगायला लाजू नका. चार महिन्यांनी पैसे संपले म्हणून औषध तोडण्यापेक्षा आधीच वेगळा मार्ग ठरवणं बरं.

बिल घ्या. बिलावरचा बॅच नंबर आणि खोक्यावरचा जुळवा. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये बनावट सेमाग्लुटाइडचा इशारा दिला होता. इन्स्टाग्रामवर 'पावडर आणि पाणी वेगळं' असं विकणारे, पार्लरमध्ये टोचून देणारे, 'थोडं थोडं वाटून घेऊ' म्हणणारे, यांच्यापासून लांब राहा. चिठ्ठीशिवाय हे औषध विकायची परवानगी कुणालाही नाही. मलाही नाही.

बंद कधी?

सेमाग्लुटाइडच्या त्याच चाचणीतल्या काही लोकांचं औषध ६८ आठवड्यांनी थांबवून पुढे वर्षभर पाहिलं. उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं. लोक याला औषधाचं अपयश म्हणतात. रक्तदाबाची गोळी सोडली आणि दाब वाढला तर आपण तसं म्हणत नाही; लठ्ठपणाला मात्र अजून आळस समजतो, म्हणून औषध म्हणजे सहा महिन्यांचा कोर्स असं धरून चालतो.

तरी थांबवायची वेळ येतेच. मूल हवं असतं, पैसे नसतात, पोटाला झेपत नाही. तेव्हा गुपचूप सोडू नका. डॉक्टर काही वेळा पायऱ्या उतरत आणतात, काही वेळा छोट्या डोसवर ठेवतात. औषध चालू असताना भूक शांत असते, तेव्हाच उसळीची, बाटल्यांच्या व्यायामाची, छोट्या ताटलीची सवय लागलेली असावी. भूक परत आल्यावर ती लावणं फार अवघड जातं. आणि भूक परत येते, साधारण काही आठवड्यांत, जुन्या मैत्रिणीसारखी न सांगता.

टेप टाकून देऊ नका. दर महिन्याच्या एक तारखेला, त्याच जागी, सकाळी, श्वास सोडून मोजा आणि आकडा कालनिर्णयच्या त्या पानावर लिहा. सलग दोन महिने तो वर गेला तर तिसऱ्या महिन्याची वाट न बघता भेटीची वेळ घ्या. आणि हो, जाताना गोळ्यांची पिशवी.